थोडं ओलं झालं होतं

जनरेटर पाहिजे होता, बस. एक जनरेटर, आमच्या पेलिकन बेंडच्या लायब्ररीसाठी. मी काही रणगाडा मागत नव्हतो.

“लायब्ररीला जनरेटर कशाला? पुस्तकं काय विजेवर चालतात?” असं पबवाल्या व्हर्न डॉकरीने मला चारचौघांत विचारलं, आणि स्वतःच हसला. व्हर्नच्या विनोदाला व्हर्नच हसतो. पण कशाला ते त्यालाही ठाऊक होतं. आमची नदी चार-पाच वर्षांतून एकदा घरं बघायला वर येते, आणि अख्ख्या गावात उंचावर एकच इमारत आहे, जुनं कोर्ट. शंभर वर्षांपूर्वी ज्याने बांधलं त्याला जज्जसाहेबांचे बूट भिजू द्यायचे नव्हते. कोर्ट गेलं, तिथे लायब्ररी आली. म्हणून नदी घरात शिरली की माणसं लायब्ररीत शिरतात. गेल्या पुरात आम्ही एकसष्ट जण तीन दिवस तिथे होतो. शिवाय दोन कुत्रे, आणि एक काकाकुवा, ज्याची भाषा मी इथे सांगू शकत नाही. वीज पहिल्या तासात गेली, फोन दुसऱ्या तासात.

आणि माझी बायको नोरीन होती. नोरीनची फुप्फुसं कामातून गेलीत, तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं. मशीनला वीज लागते. वीज नव्हती. तर ते आपलं निभावलं कसंतरी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण पुढचा पूर यायच्या आत त्या इमारतीत वीज पाहिजे, एवढं मी ठरवलं, आणि मी ठरवलं की ठरवलं. चाळीस वर्षं उसाचे ट्रक चालवलेत मी. रिव्हर्स गियर मी अगदी नाइलाज झाला तरच टाकतो.

पहिल्यांदा गेलो काउन्सिलच्या ऑफिसात. खिडकीतली बाई म्हणाली, लायब्ररी संस्कृती खात्यात येते, आणि संस्कृतीत जनरेटर बसत नाही, तुम्ही आपत्ती खात्याकडे जा. आपत्ती खातं त्याच मजल्यावर, संडासाच्या पलीकडे. तिथला माणूस म्हणाला, जनरेटर आमच्यात बसतो, पण लायब्ररी बसत नाही, ती संस्कृतीत. मी तीन वेळा संडास ओलांडला. चौथ्यांदा मी त्या बाईला विचारलं, “जनरेटरवर एखादी कविता रंगवून घेतली तर बसेल का संस्कृतीत?” मी टोमणा मारला होता. ती उठली आणि आत जाऊन खरोखर विचारून आली. नाही बसत.

मग आमची ग्रंथपाल हेदर क्विल्टी माझ्याकडे आली. हेदर तीस वर्षं लायब्ररीत आहे, त्यामुळे ती बाजारातसुद्धा कुजबुजते. मटणाच्या दुकानात तिला काय पाहिजे ते खाटकाला ओठांवरून ओळखावं लागतं. ती माझ्या कानात कुजबुजली, “मर्व्ह, राज्य सरकारने एक नवा निधी काढलाय. लायब्रऱ्यांनी गावाला संकटासाठी तयार करायचं, त्यासाठी. त्यात जनरेटर बसतो.”

“मग घे ना.”

“मला नाही घेता येत. गावकऱ्यांची समिती लागते. अध्यक्ष लागतो.”

समितीसाठी सभा बोलावली. तेरा माणसं आली. सभा सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती, तर बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, कारण माझी गाडी दूधवाल्याच्या आड आली होती. मी बाहेर गेलो, गाडी पुढे घेतली, परत आलो. सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, गाडी चांगली लावली म्हणून. तर मी अध्यक्ष झालो होतो. आपली शाळा आठवीपर्यंत. ‘अध्यक्ष’ हा शब्द तोवर मी फक्त दुसऱ्यांबद्दल वापरला होता, आणि तोही शिवीच्या आसपास.

“अभिनंदन,” घरी गेल्यावर नोरीन म्हणाली. “टायला इस्त्री करून ठेवू का? की पूर येईल तेव्हा करू?”

अर्ज चौतीस पानांचा. आम्ही तो आमच्या स्वयंपाकघरात भरायला बसलो. नोरीन प्रश्न वाचणार, मी उत्तर सांगणार, हेदर ते सभ्य माणसाच्या भाषेत लिहिणार. बारावा प्रश्न असा, की जनरेटरच्या आवाजाचा वाचकांच्या एकाग्रतेवर काय परिणाम होईल. मी म्हटलं, लिही, पूर आलेला असताना वाचतं कोण.

“मी वाचत होते,” हेदर कुजबुजली. जरा लागलं होतं तिला.

एकोणिसाव्या प्रश्नाशी घोडं पेंड खायला लागलं. लायब्ररीच्या निधीतून घेतलेली प्रत्येक वस्तू यादीत नोंदवून सभासदांना घरी न्यायला उपलब्ध पाहिजे, असा नियम. म्हणजे जनरेटरवर पुस्तकासारखं लेबल चिकटवायचं आणि तो तीन आठवड्यांसाठी कुणालाही द्यायचा. ही गोष्ट आमच्या शेजाऱ्याला, टायनी मलकाहीला, कुंपणावरून ऐकू गेली. टायनी म्हणजे चिमुकला. साडेसहा फूट उंच आहे, आणि दारातून तिरका होऊन आत येतो. आमच्याकडे नावं अशीच पडतात. टक्कल असलं की त्याला कुरळ्या म्हणायचं.

“मर्व्ह,” टायनी कुंपणावरून म्हणाला, “तीन आठवडे झाले आणि मधे कुणी मागितला नसला, तर मुदत वाढवून मिळेल का? मला ऊस तोडणीच्या वेळी शेडात दिवा लागतो.”

“टायनी, तो पुरासाठी आहे.”

“पूर आला तर देईन की परत.”

शेवटी हेदरने तोड काढली. शब्दकोश आणि नकाशांची मोठी पुस्तकं जशी घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायची असतात, तसं जनरेटरला त्यांच्यात टाकलं. ‘संदर्भासाठी, जागेवरच वापरावा.’ यादीत तो विश्वकोशाच्या खाली आला. मला त्याचा अभिमान वाटला, का ते विचारू नका.

राहिली शेवटची अट. गरज सिद्ध करा. त्यासाठी घरटी एक पान भरून घ्यायचं होतं. पुराने तुमचं किती नुकसान झालं, एक ते पाच आकड्यांत सांगा. एक म्हणजे नगण्य, पाच म्हणजे भयंकर. खाली चार ओळी, तुमच्या शब्दांत. मी म्हटलं, झालं, जनरेटर आला. आमच्या आज्या-पणज्यांनी असा पूर बघितला नव्हता. मी त्रेचाळीस घरांत पानं टाकली, त्रेचाळीस परत आली, आणि पाकिटात घालून न वाचता पाठवून दिली. दुसऱ्याचं उत्तर वाचू नये असं पानावर लिहिलं होतं. मी प्रामाणिकपणा केला. मला प्रामाणिकपणा आजवर कधी लाभलेला नाही.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. मी ते पत्रपेटीपाशी उभ्यानेच वाचलं. ‘आपल्या गावावर पुराचा परिणाम अत्यल्प झाल्याचे वाचून आम्हांस आनंद झाला.’ आम्हांस आनंद झाला. सरासरी आली होती एक पूर्णांक एक दशांश. आणि तो एक दशांशही एकट्या कोन्चेत्ता बोर्तोलिनबाईंचा होता. त्यांनी पाचांपैकी नऊ लिहिले होते. सरकारने ते पाच धरले. बाकी बेचाळीस घरांनी एक.

सोबत नकला जोडल्या होत्या. आता वाचायला हरकत नव्हती. टायनीने लिहिलं होतं, ‘थोडं ओलं झालं होतं.’ व्हर्नने लिहिलं होतं, ‘पबात पाणी आलं, पण लोक तसेही पाणी मागत नाहीत.’ शाळेच्या बाई मिस ओल्डफील्ड यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘आमचं काही नाही, वरच्या गावाचं फार झालं हो.’ आणि वरच्या गावाला विचारलं असतं तर त्यांनी आमचं नाव सांगितलं असतं, ह्यावर मी माझा ट्रक लावायला तयार आहे.

तुम्ही म्हणाल, लोक खोटं बोलले. खोटं नाही ते. आमच्याकडे माणूस असाच बोलतो. पाय मोडला तर ‘जरा लचकलाय’. बायको सोडून गेली तर ‘घर शांत झालंय’. रडगाणं गायचं म्हणजे अंगात कपडे नसताना चौकात येण्यासारखं. मूल रडल्याशिवाय आई पाजत नाही म्हणतात ना, तर आमच्या गावातलं मूल रडत नाहीच, आणि आई आपणहून आली तर म्हणतं, आधी शेजारच्याला पाज, त्याचं जास्त आहे.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, की समितीची हरकत असेल तर अधिकारी येऊन गावकऱ्यांचं तोंडी ऐकतील. मी हरकत घेतली. दोन वेळा घेतली, एक पोस्टाने आणि एक फोनवर. तीन आठवड्यांनी येतो म्हणाले. म्हणजे तीन आठवड्यांत मला अख्ख्या गावाला तक्रार करायला शिकवायचं होतं.

पहिला टायनी. तो पायरीवर बसून बूट पुसत होता.

“टायनी, पुराआधी तुझं घर कुठे होतं?”

त्याने बोट दाखवलं. चाळीस मीटरांवर शेताच्या पलीकडे, ज्यांवर घर उभं असायचं ते लाकडाचे खुंट नुसते उभे होते.

“आणि आता कुठे आहे?”

“इथे.”

“मग ह्याला काय म्हणायचं?”

त्याने विचार केला. “हललं.”

“गड्या, घर पोहत पोहत दुसऱ्याच्या शेतात गेलं, तर त्याला नुकसान म्हणतात.”

“कसलं नुकसान. आता सकाळचं ऊन सरळ स्वयंपाकघरात येतं. बायकोला कधीपासून तेच पाहिजे होतं.”

तिथून गेलो कोन्चेत्ताबाईंकडे. त्यांचे आजोबा इटलीतून इकडे ऊस तोडायला आले. येताना त्यांनी सामान फार आणलं नाही, पण गोष्ट सांगायची पद्धत आणली, आणि ती बाईंकडे जशीच्या तशी आहे.

“चाळीस कोंबड्या,” त्या दारातच म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांसमोर वाहून गेल्या. एकेकीचं नाव घेऊन मी हाका मारत होते.”

“बाई, तुमच्याकडे सहा होत्या.”

“त्या सहाजणींचा जीव चाळिसांएवढा होता. तू मला खोटारडी म्हणतोस? आणि तो रेडा, ज्याचं घर गेलं फिरायला, तो खरा?”

ह्यात मुद्दा होता. मी तिथल्या तिथे बाईंना मास्तरीण नेमलं. मंगळवारी लायब्ररीत रडायचा वर्ग भरला. पंधरा माणसं आली, व्हर्न ग्लास घेऊन.

“हात वर,” बाई म्हणाल्या. “हात मांडीवर ठेवून दुःख सांगता येत नाही.”

“हात वर केले तर ग्लास कुठे ठेवू?” व्हर्न म्हणाला.

“डोक्यावर. आत काही नाहीच, तोल जाणार नाही. चल, तू, मोठा. ऊठ. घराचं सांग.”

टायनी उठला. त्याला घाम फुटला होता. दोन्ही हात वर केल्यावर त्याची बोटं छताच्या पंख्यापर्यंत गेली. “माझं घर,” तो म्हणाला. “वाहून. गेलं.” आणि मग हळूच, “थोडंसं.”

“ते ‘थोडंसं’ काढ.”

“काढलं की उघडं पडल्यासारखं होतंय, बाई.”

तीन मंगळवार चालला तो वर्ग. मिस ओल्डफील्ड ‘आमच्याकडेही झालं बरं का’ इथपर्यंत आल्या. व्हर्नने एकदा ‘भयंकर’ हा शब्द पूर्ण म्हटला आणि लगेच सगळ्यांना बिअर पाजली, लाज वाटली म्हणून. मी खूश होतो. घरी येऊन नोरीनला सगळं रंगवून सांगायचो, कोण कसं अडखळलं, कोणाला काय जमेना. ती मशीनजवळच्या खुर्चीत बसून ऐकायची. एक दिवस तिने विचारलं, “आणि तू काय लिहिलं होतंस?”

“मी? मी अध्यक्ष आहे.”

“अध्यक्ष घरात राहतो ना? आपल्या घराचं पानही असेल.”

तिच्या मांडीवर नकलांचा गठ्ठा होता. सतरावं पान. खूण एकावर होती. खाली माझ्या अक्षरात, ‘विशेष काही नाही. बायकोला जरा दम लागला.’ तिने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मशीन आपलं घरघरत होतं.

“जरा?” ती म्हणाली.

“अर्जात जागा कमी होती.”

“तीन ओळी कोऱ्या आहेत, मर्व्ह.”

मी उठलो आणि टोमॅटोंना पाणी घालायला गेलो. त्या दिवशी सकाळपासून पाऊस पडत होता. तरी घातलं.

अधिकारी आली ती मिस रोवीना टेट. वय तिशीचं, हातात फाइल, पायात पांढरे स्वच्छ बूट. बूट बघूनच मी समजलो की बाईंना चिखल हा विषय पहिल्यापासून सांगावा लागणार. पण त्याआधीच आम्ही हात दाखवून अवलक्षण करून ठेवलं होतं. पाहुणी येणार म्हटल्यावर घराघरातून ताटं आली. स्कोनचे गोड पाव, वर लावायला मलई आणि जॅम, खोबऱ्यात घोळवलेले केक, सॉसेजच्या वळकट्या, आणि कोन्चेत्ताबाईंचा एवढा मोठा लझान्या की तो दोघांनी उचलून आणला. कुणीतरी टेबलावर फुलंही ठेवली. आम्हांला दिसायचं होतं संकटात सापडलेलं गाव, आणि आम्ही उभं केलं लग्नघर.

“किती प्रसन्न आहात हो तुम्ही सगळे,” मिस टेट म्हणाली. मी फुलं उचलून टेबलाखाली सरकवली.

ती एकेकाला विचारायला लागली. व्हर्न उठला. “मिस, पबात चार फूट पाणी होतं,” तो म्हणाला. मी मनातल्या मनात म्हटलं, शाबास. “पण त्या निमित्ताने फरशी धुतली गेली. वडिलांच्या काळापासून राहिली होती.” मिस ओल्डफील्ड म्हणाल्या, शाळेची सगळी पुस्तकं गेली, पण मुलांना अभ्यास नाही म्हणून मुलं आनंदात होती. टायनी उठला, त्याने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. मिस टेट खुर्चीसकट मागे सरकली. “माझं घर,” तो म्हणाला. “माझं घर...” मग त्याचं लक्ष तिच्या रिकाम्या कपाकडे गेलं. “चहा आणखी देऊ का, मिस?” आणि बसला. कोन्चेत्ताबाईंच्या कोंबड्या साठ झाल्या. मिस टेटने पेन ठेवून दिलं.

“मिस्टर ट्रँटर, अध्यक्ष म्हणून तुम्ही काही सांगाल?”

मी उठलो. टायला इस्त्री होती. हेदरने लिहून दिलेलं कार्ड खिशात होतं, त्यावर सगळं होतं, तारखा, तास, सगळं. मी कार्ड काढलं. नोरीन भिंतीकडेला बसली होती, मशीन भिंतीतल्या प्लगला लावलेलं. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून बाहेर आलं, “जरा अडचण झाली होती.” आणि मी बसलो. आयुष्यात ट्रक एवढ्या खड्ड्यात कधी घातला नव्हता.

मिस टेटने फाइल मिटली. वाईट नव्हती बाई, उलट हळुवारपणे म्हणाली, “खरं सांगू का, निधी थोडा आहे. काही गावांची फारच दैना झालीये, त्यांना आधी...”

आणि आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी माना हलवल्या. “हो ना, बिचारे,” मिस ओल्डफील्ड म्हणाल्या.

तेव्हा नोरीन वाकली आणि तिने भिंतीतला प्लग ओढून काढला.

वीज गेली की ते मशीन ओरडतं. बारीक, सरळ, न थांबणारा आवाज, दाताच्या मुळाशी जाणारा. पुरानंतर तो आवाज त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता.

टायनीने बशी खाली ठेवली आणि तो दाराकडे निघाला. तिरका व्हायला विसरला, खांदा चौकटीवर आपटला, तसाच बाहेर पळाला. बाहेर त्याच्या गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला. हेदरने मुलांच्या कपाटातून डायनोसॉरचं सगळ्यांत मोठं पातळ पुस्तक काढून व्हर्नच्या हातात दिलं, न बघता, आणि व्हर्नने न बघता घेतलं. तो नोरीनसमोर उभा राहून त्या पुस्तकाने वारा घालायला लागला. सावकाश, एकाच लयीत. ग्लास त्याने कुठे ठेवला ते त्यालाही माहीत नव्हतं. मिस ओल्डफील्ड खुर्च्या ओढून दारापर्यंत वाट मोकळी करत होत्या. कोन्चेत्ताबाई एक शब्द न बोलता नोरीनच्या मागे बाकावर येऊन बसल्या आणि त्यांनी आपली पाठ तिच्या पाठीला लावली, म्हणजे तिला ताठ बसता येईल. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी कुणाकडे बघितलंही नाही. तीन दिवस जो जिथे होता, तो तिथे जाऊन उभा राहिला.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर होतो. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्यात माझं घड्याळ. माझे गुडघे गेल्या दहा वर्षांत वाकलेले नाहीत. कधी वाकले, कळलं नाही.

मिस टेट केकचा तुकडा हातात धरून उभी होती. “काय झालं? कुणाला बोलावू का?”

“कुणाला नको, पोरी,” नोरीन म्हणाली. श्वास घेत घेत, दोन-दोन शब्दांनी. “तू विचारत होतीस ना. पुरात काय झालं. हे.” मग मला म्हणाली, “मर्व्ह, लाव आता तो प्लग. गुडघ्यांवरून उठता येत असेल तर.”

हेदरने लावला. आवाज थांबला. मिस टेट आली आणि माझ्याशेजारी खाली जमिनीवर बसली. पांढऱ्या बुटांना जॅम लागला.

“त्या वेळी किती वेळ बंद होतं?” तिने विचारलं.

“ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या होत्या,” मी म्हटलं. “टायनी गळ्यापर्यंतच्या पाण्यातून डोक्यावर एकेक बॅटरी घेऊन यायचा. इन्व्हर्टरवर मशीन चालायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर जळला. बचाव दलाची बोट यायला चाळीस मिनिटं लागली.”

“आणि ह्या?”

घड्याळ अजून माझ्या हातात होतं. “ओठ निळे पडले होते,” मी म्हटलं. “डोळे फिरवले होते तिने. तिसाव्या मिनिटाला मला वाटलं, गेली. पुढची दहा मिनिटं मी मेलेल्या बायकोची नाडी धरून बसलो होतो, असंच मला वाटत होतं. वाईट होतं. फार वाईट होतं ते.”

मग दारातून टायनीचा आवाज आला. तो छातीशी गाडीची बॅटरी कवटाळून उभा होता, शर्टभर तेल. “माझं घर वाहून गेलं, मिस,” तो म्हणाला. “आत आईचे फोटो होते. सगळे गेले.”

आणि मग बांध फुटावा तसं झालं. व्हर्न पबात नवं काही घेऊ शकलेला नाही, वर्षभर बिअरचं पिंप उधारीवर येतंय. मिस ओल्डफील्डना अजून पाऊस लागला की झोप येत नाही. दोन तास बोलत होते लोक. मिस टेटचे कागद संपले, तेव्हा हेदरने तिला पुस्तकं थकवलेल्यांच्या चिठ्ठ्यांचे कोरे गठ्ठे दिले, त्यांच्या मागे लिहायला. सगळ्यांत शेवटी कोन्चेत्ताबाई. त्यांनी हात वर केले नाहीत. “कोंबड्या सहा होत्या,” त्या म्हणाल्या. “लिही, सहा.”

मंजुरी पाच आठवड्यांनी आली, अकरा अटींसकट. जनरेटरचं झाकण कुठल्या दिशेला उघडावं, हीसुद्धा एक अट होती. सह्या सहा ठिकाणी, आणि सातवी सही पहिल्या सहा सह्या माझ्याच आहेत ह्याची. मी सगळ्या केल्या. जनरेटर आला तो ट्रकवरून उतरवायला टायनी आणि आणखी चौघे लागले. इमारतीच्या मागे सिमेंटचा ओटा घालून तो बसवला, हेदरने त्यावर लेबल चिकटवलं, आणि बुधवारी सकाळी अकरा वाजता तो चालवून बघायचं ठरलं.

अख्खा गाव मागच्या अंगणात जमला. प्रत्येकाचा सल्ला तयार होता. व्हर्न म्हणाला, आधी जरा गरम होऊ दे. चालू व्हायच्या आधी तो गरम कसा होणार, हे त्याने सांगितलं नाही. टायनी म्हणाला, दोरी डाव्या हाताने ओढ. नोरीन आत खिडकीजवळ बसली होती, मशीन नव्या प्लगला लावून. लायब्ररीची बाहेरची वीज मी बंद केली. मशीन ओरडायला लागलं. मी दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जनरेटर असा धडाडला, की झाडावरचे सगळे काकाकुवे उडाले, आणि आतलं ओरडणं थांबलं.

खिडकीतून नोरीन माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. त्या धडधडाटात ऐकू येईना. मी कानाला हात लावला. तिने पुन्हा सांगितलं, हात हलवून हलवून. मी खटकन बटण दाबलं, जनरेटर बंद केला, आणि लोकांना ढकलत खिडकीपाशी धावलो.

“काय झालं? काय म्हणालीस?”

“म्हटलं,” ती म्हणाली, “बंद करू नकोस.”

मी परत गेलो आणि दोरी ओढली.